तुकडा कुठे टाकलात, वैद्यबुवा?

पिंपळनेरच्या आठवडे बाजारात तीळ, मस, चामखीळ आणि कुरूप 'मुळासकट, बिनत्रास, गॅरंटीने' काढून देणाऱ्या समस्त वैद्यबुवांस,



पत्र उघडं लिहावं लागतंय, कारण तुमचा पक्का पत्ता कुणाकडेच नाही. आज पिंपळनेर, उद्या दहिवेल, परवा साक्री. रुग्ण परत यायच्या आत तुमची सतरंजी दुसऱ्या गावी पसरलेली असते. त्यामुळे 'आजवर एकही पेशंट तक्रार घेऊन आला नाही' हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

आधी तुमच्या वेगाचं कौतुक करू द्या. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी कातडीचे डॉक्टर एका काळ्या ठिपक्यासाठी किती वेळ घालवतात! कधीपासून आहे विचारायचं, माप घ्यायचं, डर्मोस्कोप नावाचं दिव्याचं भिंग टेकवायचं, आणि एवढं करून पुन्हा 'तुकडा तपासायला पाठवू' म्हणायचं. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, त्यावर तीन वर्षांचं एमडी, आणि तरी नुसत्या डोळ्यांवर भरवसा नाही. तुमचं निदान मात्र गिऱ्हाईक चप्पल काढतंय तोवर तयार असतं. बहुधा गिऱ्हाईक यायच्या आधीही तयार असतं, कारण तुमच्याकडे निदान एकच आहे.

औषधपेटीही तशीच आटोपशीर. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून केलेला लेप, पेटती उदबत्ती, दाढीचं ब्लेड, देठाच्या मसाला बांधायला घोड्याचा केस, आणि भेगाळलेल्या टाचेसाठी बिब्ब्याचं तेल. अंगावर काळं दिसलं की ते वाईट, आणि वाईट असेल ते जाळायचं, हे तुमचं शास्त्र. एवढ्या कमी पानांचं शास्त्र जगात दुसरं नसेल.

आता तुमच्यापुढे जी मंडळी बसतात, त्यांच्याकडे जरा नीट बघू. तुम्हाला सवड नसते, म्हणून मी बघतो.

पहिली एक बाई. दोन्ही गालांवर, कपाळावर तपकिरी पट्टे, डावीकडे जसे तसेच उजवीकडे. हे वांग. गरोदरपण, संततिनियमनाच्या गोळ्या, ऊन यांनी येतं. रंग कातडीत पसरलेला असतो, हाताला उंचवटा लागत नाही. यात काढण्यासारखं काही नसतं. पण तुम्ही चुन्या-सोड्याचा ठिपका लावता, कातडी भाजते, आणि सावळी कातडी भाजली की आणखी काळी पडते. बाई एक डाग घेऊन आली होती, दोन घेऊन गेली.

तिच्यामागे तिशीतला गडी. गालांवर, डोळ्यांभोवती मोहरीएवढे काळे दाणे. त्याच्या आईलाही होते, मामालाही. सावळ्या लोकांत हे घराण्यातून येतात आणि आयुष्यभर काहीही करत नाहीत. मग साठीतले आप्पा. पाठीवर खरखरीत, मेणचट, वरून चिकटवल्यासारखे तपकिरी मस. वयाबरोबर येतात, नखाने खरवडले तर थोडा भुगा निघतो. दिसायला ओबडधोबड, स्वभावाने गरीब. मग मानेवर मखमली काळपट घडी असलेली मुलगी, जिला घरचे 'मान घास' म्हणून रोज बोलतात. ती घडी मळाची नाही. शरीरात इन्सुलिनचं काम बिघडत चालल्याची ती खूण असू शकते. त्या मुलीची साखर तपासायची आणि वजनाकडे बघायचं. मानेला हात लावायचं कारण नाही.

एका माणसाच्या ओठावर दरवेळी त्याच जागी काळसर गोल उमटतो. अंगदुखीची ठरावीक गोळी घेतली की पुन्हा हजर. त्याला ती गोळी सोडायला सांगणं हाच उपचार. कडेवरच्या तान्ह्या बाळाच्या कुल्ल्यावर निळसर डाग. आपल्याकडच्या कितीतरी बाळांना असतो, काही वर्षांत आपोआप पुसट होतो. कुणाला लहानपणापासून तीळ, कुणाला जन्मापासून लाखण.

ही सगळी मंडळी निर्दोष. यांतल्या बहुतेकांना औषधच नको, आणि ज्यांना हवं त्यांना तुमचं नको. तरी तुमचा सगळा गल्ला यांच्यावरच भरतो, कारण चेहरा आरशात दिसतो आणि लग्नाच्या वेळी लोकांनाही दिसतो.

आता रांगेतला तो एक, ज्याच्यासाठी हे पत्र आहे. तो चेहरा दाखवायला आलेला नाही. त्याने पाय पुढे केलाय.

कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांचा कॅन्सर म्हणजे मेलॅनोमा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तो जगात सर्वाधिक, तिथल्या गोऱ्या कातडीवर कडक उन्हामुळे. आपल्या देशात वर्षाला लाख माणसांमागे एकालाही होत नाही. आपल्या कातडीतला रंगच ऊन अडवतो, म्हणून गालावर, पाठीवर तो आपल्याकडे क्वचित. हे वाचून तुम्ही खूश झाला असाल. पण तळपाय, तळहात आणि नखांखाली जो प्रकार होतो, त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. तिथे सावळेपणाचं कवच कामाला येत नाही. आपल्याकडे कातडीच्या मेलॅनोमाची सगळ्यात आवडती जागा पाय, त्यातही तळवा. म्हणजे जो भाग आपण कुणाला दाखवत नाही, स्वतःही बघत नाही, आणि ज्यावर भातलावणीच्या दिवसांत कुडाशी-वार्साच्या पट्ट्यात पोटरीपर्यंत चिखल असतो.

या जागेला गरीब-श्रीमंत कळत नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली, ज्याचं चित्र छापलेले टी-शर्ट आपल्या बाजारातही लटकलेले असतात, त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच कॅन्सर निघाला. फुटबॉल खेळताना लागलं असेल असंच आधी वाटलं होतं. १९७७ साली निदान झालं. अंगठा काढायचा सल्ला मिळाला होता, त्याने तो मानला नाही. ११ मे १९८१ रोजी तो गेला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. जगभर नाव झालेल्या माणसाच्या अंगठ्याला 'लागलं असेल' हे कारण पुरलं, तर आमच्या शेतमजुराला 'काटा रुतला असेल' हे का पुरणार नाही? खानदेशात बाभळीचा काटा न रुतलेला तळवा शोधून सापडणार नाही. कुठल्याही काळ्या डागाला जोडायला एक काटा प्रत्येकाच्या आठवणीत तयारच असतो. तुम्हीही तोच विचारता, 'काटा भरला व्हता का?' तो म्हणतो, 'व्हता.' झालं. वर तुमचं ठेवणीतलं वाक्य, 'काही व्हत नही.' मग ब्लेडने कापायचं आणि बिब्ब्याचा चटका द्यायचा. बिब्ब्याने फोड येतो, काळं पडतं, आणि पुढचे कित्येक आठवडे जे काळं दिसेल ते बिब्ब्याच्या खात्यावर जातं.

तळव्यावरचं कुरूप ओळखणं तसं अवघड नाही. ते दाबाच्या जागी येतं, कडक असतं, दाबलं की दुखतं, आणि त्याला काळा रंग नसतो. तळव्यावरच्या चामखिळीत काळे ठिपके दिसतात खरे, पण ते टाचणीच्या टोकाएवढे, साकळलेल्या रक्ताचे असतात. खेळणाऱ्या पोरांच्या टाचेवर घासून रक्ताचे काळे ठिपके येतात, ते वरवरच्या थरात असतात आणि काही आठवड्यांत कातडीबरोबर निघून जातात. नखावर पाटा पडून साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं आणि मागून स्वच्छ नख दिसू लागतं. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेघाही असतात, त्या निरुपद्रवी. पण एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत चालली, किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर थांबायचं नाही. लंडनच्या जोनाथन हचिन्सन नावाच्या सर्जनने १८८६ साली ही शेवटची खूण लिहून ठेवली. आजही ती त्याच्याच नावाने शिकवतात.

पायाच्या डागासाठी डॉक्टरांनी पाच प्रश्न ठरवलेत. त्याला रंग आहे का? तो नेमका काय आहे याबद्दल शंका आहे का? रक्त येतं का किंवा ओलावतो का? वाढतोय का? दोन महिन्यांत बरा होत नाही असं आहे का? यांतली दोन उत्तरं 'हो' आली की तज्ज्ञाकडे पाठवायचं. दुसरा प्रश्न पुन्हा वाचा, बुवा. खात्री नसणं हीच त्यांनी एक खूण मानलीय! तुमच्या पेटीत सगळं आहे, फक्त ही एक वस्तू नाही. शंका.

बाकी अंगावरच्या तिळांसाठी न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली सोपी उजळणी तयार केली होती, पुढे त्यात पाचवी खूण आली. दोन अर्धी सारखी नसणं, कडा तुटक असणं, एकाच डागात तपकिरी-काळा-निळा-लाल असे अनेक रंग असणं, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा असणं, आणि बदलत राहणं. यांतला सगळ्यात कामाचा शब्द शेवटचा. आणखी एक रीत पिंपळनेरच्या लोकांना शिकवावी लागणार नाही. कांदा मार्केटात माल नेण्याआधी ढीग निवडताना गोल्टी, जोड, चांगला माल वेगवेगळा करणारा हात ढिगातला एकच वेगळा दिसणारा कांदा न मोजता पकडतो. अंगावरचे तीळही साधारण एका तोंडावळ्याचे असतात. त्यांत जो एकटाच वेगळा दिसतो, तो दाखवायचा. चाळिशीनंतर कोऱ्या जागी नवा काळा डाग उगवला, तर तोही. कारण बहुतेक मेलॅनोमा जुन्या तिळातून निघत नाहीत, साध्या कातडीतूनच येतात. काही तर काळेही नसतात. गुलाबी, लालसर, न भरणारी जखम एवढंच दिसतं, आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या पायावर ती 'साखरेची जखम' म्हणून वर्षभर पट्टीखाली राहते.

आता माझा मूळ प्रश्न. तुम्ही कापलेला तुकडा कुठे टाकलात?

तुमच्या सतरंजीखाली, गटारीत, की पांझरेच्या पात्रात? तपासणीला पाठवायच्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत नक्कीच नाही. तुमच्यावर माझा राग आहे तो इथे. तुम्ही शिकलेले नाही, ही तक्रार नाही. तीळ कापल्याने कॅन्सर होतो, अशी भीतीही मला घालायची नाही, कारण साधा तीळ कापल्याने तो कॅन्सर बनत नाही. पण तो आधीपासूनच दुसरा कुणी असेल, तर त्याची ओळख पटवणारी एकमेव वस्तू तुम्ही जाळता. वरून काळेपणा जातो, खाली पेशी राहतात. कातडी भरून येते, गिऱ्हाईक पैसे देऊन समाधानाने जातं, आणि आतला प्रवासी हळूहळू जांघेकडे निघतो. पुढे जांघेत अवधाण येतं, तेव्हा लोक म्हणतात, पायाला काहीतरी लागलं असेल. पायावर तर आता काही दिसतच नाही. तुम्ही 'मुळासकट' काढलं होतं ना!

तुमचा दुसरा पराक्रम याच्या उलट. निर्दोष तीळ अर्धवट कापला की उरलेल्या पेशी व्रणातून पुन्हा डोकं काढतात, वाकड्यातिकड्या. १९७५ साली कॉर्नबर्ग आणि अ‍ॅकरमन या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं की असा परत उगवलेला तीळ सूक्ष्मदर्शकाखाली थेट मेलॅनोमासारखा दिसू शकतो. म्हणजे तुमच्या हातून गेलेला साधा माणूस उद्या कॅन्सरच्या संशयात अडकतो, आणि खरा कॅन्सरचा रुग्ण 'साधं कुरूप होतं' म्हणून सुटल्यासारखा घरी बसतो. पहिला तुकडा असता तर दोघांचाही निकाल लागला असता. पोलिसांनी असा तपास केला तर आपण मोर्चा काढतो. तुम्हाला मात्र दक्षिणा देतो.

तुकड्याला एवढं महत्त्व का, तेही ऐका. अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने १९७० साली दाखवलं की मेलॅनोमाचं भवितव्य त्याच्या लांबी-रुंदीपेक्षा जाडीवर ठरतं. कातडीत तो किती मिलिमीटर खोल उतरलाय, हे मोजायचं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर वेळेवर काढून बहुतेक माणसं बरी होतात. चार मिलिमीटरच्या पुढे गेला की लढाई फार अवघड. एक आणि चार यांच्यामधलं अंतर आपल्या पट्टीवर तीन बारीक रेघांचं आहे. तुमची उदबत्ती त्या रेघाच पुसून टाकते. जळलेल्या, चुरडलेल्या तुकड्याची जाडी कोण मोजणार? ती नाही कळली तर किती कापायचं, जांघेतली गाठ तपासायची की नाही, हे सगळं अंदाजावर येतं.

आणि हो, 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही अफवाही तुमच्याच पेटीतली. संशयाच्या डागाचा नीट तुकडा काढून तपासल्याने मेलॅनोमा पसरत नाही. न तपासता ठेवल्याने पसरतो.

एवढं सगळं तुमच्यावर ढकललं, पण तुम्ही एकटे आरोपी नाही, हे मान्य करतो. तुमचे शहरी भाऊबंद वातानुकूलित खोलीत बसतात. तिथे सतरंजीच्या जागी गुबगुबीत खुर्ची असते, उदबत्तीच्या जागी लेझर किंवा विजेची सुई. पंधरा मिनिटांत तीळ गायब, आणि तुकडा तिथेही हवेतच, म्हणजे धुरातच जातो. फरक फक्त पावतीचा. तुमच्याकडे मिळत नाही, तिकडे मिळते. मेडिकलच्या काउंटरवरून गोरेपणासाठी स्टिरॉइडची ट्यूब देणारा दुसरा भाऊबंद. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरी नुसतं नाव सांगितलं की ट्यूब हातात येते आणि वांगाचं प्रकरण वर्षानुवर्षं चालू राहतं. या सगळ्यांना मिळून आमच्यासारखं गिऱ्हाईक आहेच. गालावरच्या निष्पाप तिळासाठी हजार रुपये मोजतं, आणि तळव्यावरचा वाढता काळा डाग मोज्यात घालून हिंडतं.

कायद्याचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाईट वाटेल. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ मधलं कलम ३३ नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्याला शिक्षा सांगतं. १९५४ चा जादुई उपायांविरुद्धचा केंद्राचा कायदा कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीला मनाई करतो. तुम्ही हुशार. 'कॅन्सर' हा शब्द पाटीवर कधी लिहीतच नाही. कशाला लिहाल? तुमच्या मते इथे कुणाला कॅन्सर असतोच कुठे? सगळे तीळ, सगळे मस, सगळी कुरूपं.

तरीही लोक तुमच्याकडे का येतात, ते मला ठाऊक आहे. साक्रीवरून धुळ्याला एसटीने जायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते, सोबत कुणीतरी लागतं, आणि तिथे 'कशाला आलात' या प्रश्नाला 'पायावर डाग आहे' एवढंच उत्तर द्यायला लाज वाटते. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी एवढं कुणी करत नाही. आणि मेलॅनोमा सुरुवातीला दुखत नाही, हीच त्याची सगळ्यात मोठी लबाडी. तुमचा धंदा या अंतरावर आणि या लाजेवर चालतो. ते अंतर कमी करणं सरकारचं काम. पिंपळनेरच्या ग्रामीण रुग्णालयातून पायाच्या डागाचा नीट फोटो आणि चिठ्ठी घेऊन माणूस पुढे गेला, तर त्याचा एक फेरा तरी वाचेल. आणि कॅन्सरच निघाला, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत त्याची शस्त्रक्रिया बसते, हे त्याला बाजारातच कुणीतरी सांगायला हवं. ते कुणीतरी तुम्ही असू शकता. तुमच्यापुढे जितके तळपाय येतात, तितके धुळ्याच्या डॉक्टरांपुढेही येत नसतील!

म्हणून एकच मागणं. चेहरा दाखवायला आलेल्यांना 'याला काही करू नका' म्हणून परत पाठवा. तुमचं नुकसान होईल, पण तेवढी गॅरंटी तरी खरी ठरेल. आणि पाय पुढे आला, त्यावर काळं असलं, वाढत असलं, भरत नसलं, तर ब्लेड पेटीतच ठेवा आणि त्याला गाडीत बसवा. कारण तळव्याच्या कातडीवर अंगठा उठवताना शाई लागते तशा उंच रेघा असतात आणि मधे खाचा. साध्या तिळाचा रंग खाचांमधून जातो, मेलॅनोमाचा उंच रेघांवरून. जपानच्या तोशिआकी साइदा यांनी हे डर्मोस्कोपने दाखवलं आणि आज जगभर त्यावर निदान होतं. एवढ्या बारीक फरकावर माणसाचा पाय आणि जीव ठरतो. तो फरक उदबत्तीच्या उजेडात दिसत नाही.

आपला,
सगळे तीळ जागच्या जागी असलेला एक पिंपळनेरकर

ता. क. पाटीवर 'परत उगवल्यास पैसे परत' असं लिहिता. परत उगवलेल्याला घेऊन लोक तुमच्याकडे येतील, या भरवशावर राहू नका. त्यातले काही थेट परळला, टाटा हॉस्पिटलात जातात. तिथे पहिला प्रश्न हाच विचारतात : आधी कापलं तेव्हा तुकडा तपासला होता का? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून रुग्णाच्या हातात देता येईल, अशी एखादी चिठ्ठी आजपासून लिहायला सुरुवात करा. नाव-गाव नको. फक्त 'जाळला' एवढं लिहा.